ताण तोडल्याची तारीख

मी एक रकाना आहे. वहीतला नव्हे, लॅपटॉपच्या पडद्यावरचा. पहिल्या रकान्यात बागवाल्याचं नाव, दुसऱ्यात त्याचं गाव, आणि तिसरा मी. माझ्या डोक्यावर लिहिलंय, ‘ताण तोडल्याची तारीख’. माझ्यात नुसत्या तारखा आहेत, एकीखाली एक. आम्हाला कोणी वाचत बसत नाही. बघतात, पुढे जातात. म्हणूनच आमच्याबाबतीत जे झालं ते इतके दिवस कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आधी ताण म्हणजे काय ते सांगतो. संत्र्याच्या झाडाला बहार आणायचा तर त्याचं पाणी बंद करावं लागतं. पानं मलूल होतात, काही गळतात, नवखा माणूस बघेल तर म्हणेल बाग मेली. मग एक दिवस पाणी सोडतात. त्याला म्हणायचं ताण तोडणे. थोड्याच दिवसांत झाड पांढऱ्या फुलांनी भरतं. काटोलकडे कोणी जानेवारी-फेब्रुवारीत ताण तोडतो, तो आंबिया बहार. कोणी जूनमध्ये पावसाच्या तोंडावर तोडतो, तो मृग बहार. ताण कधी तुटला त्यावर पुढचं सगळं ठरतं. खत कधी, फवारणी कधी, पाणी किती.

मला जन्म दिला अश्विननं. तो नागपुरात प्रताप नगरला राहायचा आणि काटोलकडच्या संत्राबागांना सल्ला द्यायचा. शेतकीचं शिकला होता. मोटारसायकलनं जायचा, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभा राहून पाणी सुटलेलं बघायचा आणि तिथंच मोबाइलमधल्या अ‍ॅपवर अंगठ्यानं तारीख टाकायचा. आधी दिवस, मग महिना, जसं आपल्याकडे सगळे लिहितात. घरी आला की ती फाइल लॅपटॉपवर घ्यायचा आणि मी पडद्यावर उभा राहायचो. माझ्या शेजारचा चौथा रकाना माझ्यापासून आजपर्यंतचे दिवस मोजतो. पाचवा त्या दिवसांना लागू पडेल तो मेसेज काढून देतो. मेसेज अश्विननंच लिहून ठेवलेले, अगदी थोडक्यात. ‘फवारणी घ्या.’ ‘पाणी कमी करा.’ खाली नाव, अश्विन. काहून, कशासाठी, हे तो प्रत्यक्ष भेटून सांगायचा. मेसेजवर फक्त काय करायचं तेवढंच. बागवाले ते वाचून तसं करायचे, उलट विचारायचे नाहीत. इतका त्याच्यावर भरोसा.

एकोणतीस मे रोजी काटोल रोडवर त्याला ट्रकनं उडवलं. लॅपटॉप पाठीवरच्या बॅगेत होता, तो गेला. मोबाइल शर्टाच्या खिशात होता, तो राहिला. ह्यावर मी जास्त बोलणार नाही.

घरात उरले दोघं. अश्विनची बायको मयुरा आणि धाकटा भाऊ बंटी. मयुरा गांधीबागेत कापडाच्या एका ठोक दुकानात बिलं करते. बंटी नववीत नापास झाला आणि शाळेकडे फिरकला नाही, टायरच्या दुकानात कामाला लागला. आईवडील लवकर गेलेले, त्यामुळे बंटीला अश्विननंच वाढवलं. रागावला तरी अश्विनवर, पैसे पाहिजे असले तरी अश्विनकडे, ताप आला तरी अश्विनला हाक. बंटीचा स्वभाव असा की मनात आलं की हात पुढे. विचार नंतर, कधी कधी तोही नाही.

तेरवी झाली आणि बंटीनं टायरचं दुकान सोडलं.

‘दादाचं काम मी चालवतो,’ तो मयुराला म्हणाला.

‘तुले काय समजते त्यातलं?’

‘मेसेज पाठवायचे आहेत. दादानं सगळं लिहून ठेवलंय. मले फक्त पाठवायचं आहे.’

मयुरा उठून आत गेली. त्या दिवसांत ती कशावरच फारसं बोलत नव्हती. सकाळी डबा घेऊन कामावर जायची, संध्याकाळी परत यायची.

बंटीनं सीताबर्डीवरून एक जुना लॅपटॉप आणला. त्याचा पहिला मालक अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं काम करायचा, असं दुकानदारानं सांगितलं. बंटीला ते भारी वाटलं. पण ह्याचा एक अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता आणि दुकानदारालाही. त्या लॅपटॉपला तारीख अमेरिकेसारखी वाचायची सवय लावलेली होती. तिकडे महिना आधी लिहितात, दिवस नंतर.

बंटीनं मोबाइलच्या अ‍ॅपमधून फाइल काढली आणि लॅपटॉपवर टाकली. अशा फाइलमध्ये आम्हाला अंग नसतं. नुसते आकडे आणि दोन्हीकडे स्वल्पविराम. मी तारीख आहे की आणखी काही, हे फाइल सांगत नाही. ते उघडणारा ठरवतो. बंटीनं फाइलवर धडाधड दोन टिचक्या मारल्या आणि मी ह्या नव्या पडद्यावर आलो.

आलो तो दुभंगून. माझ्यातल्या काही तारखा उजव्या कडेला टेकल्या, काही डाव्या कडेला. लॅपटॉपनं पंधरा जानेवारी वाचायला घेतली, ‘पंधरावा महिना’ असा काही त्याला सापडेना, म्हणून त्यानं ती तारीख मानलीच नाही. नुसती अक्षरं समजून डावीकडे ठेवून दिली. बारा तारखेनंतरच्या सगळ्यांचं असंच झालं. पण सहा जानेवारी, म्हणजे सहा आणि एक? ती त्यानं खुशाल वाचली. सहावा महिना, पहिला दिवस, एक जून. उजवीकडे, ऐटीत, खऱ्या तारखेसारखी. दहा फेब्रुवारीची दोन ऑक्टोबर झाली. फक्त दोन फेब्रुवारीवाले वाचले, कारण दोन आणि दोन कुठूनही वाचा, सारखेच.

चौथा-पाचवा रकाना आणि मेसेज अश्विनच्या मोबाइलमध्ये जपलेले होते, ते बंटीनं माझ्या शेजारी आणून चिकटवले. डावीकडच्या तारखांसमोर चौथा रकाना चूक दाखवू लागला. पाचवा रिकामा राहिला. बंटीला तेवढंच दिसलं.

‘अबे, ह्याले काय झालं?’ तो लॅपटॉपला म्हणाला आणि त्याच्या पाठीवर एक चापट दिली, टायरमध्ये हवा आहे का पाहतात तशी. पंधरा जानेवारी खोडून पुन्हा पंधरा जानेवारी लिहिली. पुन्हा डावीकडे. तीनदा केलं. मग चिडून आकडे उलटे टाकले, आधी एक, मग पंधरा. तारीख टुणकन उजवीकडे गेली आणि शेजारी मेसेज उमटला.

बंटी हसला. अश्विन गेल्यापासून मी त्याला हसताना पहिल्यांदा ऐकलं.

मग त्यानं डावीकडच्या सगळ्या तारखा तशा लिहून काढल्या. एकही चुकवली नाही, हे कबूल करतो. उजवीकडच्यांना त्यानं हात लावला नाही. त्या तर आधीच नीट बसल्या होत्या ना! आता सगळा रकाना एका रेषेत आला. लॅपटॉपनं विचारलं, बदल ठेवायचे का? त्यानं ‘हो’ दाबलं. ज्यांनी गोंधळ घातला होता त्या तारखा खऱ्या होत्या. ज्या मुकाट बसल्या त्या खोट्या. आणि आता ओळखू येईल असं वरून काही राहिलं नव्हतं.

आणखी एक सांगायचं आहे. जून म्हटल्यावर दुसऱ्या एखाद्या पिकात कोणीही म्हणालं असतं की हे काय भलतंच. संत्र्यात जून चालतो. जूनमध्ये मृगाचा ताण तुटतोच. मी एक जून दाखवत होतो आणि ती अगदी शक्य वाटावी अशी तारीख होती.

बंटी मोबाइलवरून मेसेज पाठवू लागला. नंबर अश्विनचा. खाली नावही अश्विनचंच, ते त्यानं बदललं नाही. काटोलकडच्या बऱ्याच जणांना अश्विन गेल्याचं कळलंच नव्हतं. तो काही रोज जाणारा माणूस नव्हता, हंगामाला जायचा. कोणाचं उत्तर यायचं, ‘ठीक आहे अश्विनभाऊ.’ बंटी ते वाचायचा. पुन्हा वाचायचा. आणि काही कळवायचा नाही.

ऑगस्ट लागला. एका संध्याकाळी मोबाइल वाजला. आनंदरावांचा फोन होता. काटोलच्या पुढे त्यांची बाग आहे. आवाज इतका मोठा की मला टेबलावर स्पष्ट ऐकू येत होतं.

‘अश्विनभाऊ, काय गा हे? झाडाखाली पाय ठेवाले जागा नाही. सारा फळाचा सडा पडून राहिला.’

बंटीनं घसा खाकरला. ‘फवारणी घेतली का काका?’

‘आता घ्या! तूच तं मेसेज केला, फवारणी नको, पाणी बेतानं. म्या म्हटलं, अश्विन म्हणते तं काही असंन त्याच्या मनात. शेजारचा कवडू फवारत होता तं त्याले हसलो म्या. आता तो मले हासते.’

बंटीनं माझ्याकडे पाहिलं. आनंदरावांच्या नावासमोर मी एक जून दाखवत होतो. ‘काका, तुमचा ताण एक जूनले तुटला. मृगाच्या बागेले ह्या वेळी फवारणी नसते.’

‘मृग?’ आनंदराव ओरडले. ‘अरे आंबिया हाय माह्या बागेत! संक्रांतीच्या आधी पाणी सोडलं. तू समोर उभा होता धुऱ्यावर. पंचफुला तीळ निवडत होती, तिच्या सुपातले मूठभर तीळ खाऊन गेला तू, अन् आता मले जून सांगून राहिला?’

‘इथं लिहिलंय.’

‘कोणं लिहिलं?’

‘मीच लिहिलंय,’ बंटी म्हणाला.

 मग आनंदराव हळू बोलले. ‘तुही तब्येत बरी हाय ना गा? आवाजही बसल्यासारखा वाटते. पोरा, तुह्यासारखा माणूस महिना विसरला तं आम्ही कोणाच्या भरोशावर राहाचं? उद्या येऊन पाह्य. नाही आला तं मी सांगतो साऱ्यायले, की अश्विनचं आता काही खरं नाही.’

‘मी विसरत नसतो,’ बंटी ओरडला. ‘तुम्हीच विसरले असाल.’ आणि त्यानं फोन कापला.

स्वयंपाकघरात गॅस बंद झाल्याचा आवाज आला. मयुरा केव्हा घरी आली होती ते बंटीला कळलंच नव्हतं. ती दारात येऊन उभी राहिली.

‘कोण बोलत होतं?’

‘काटोलचे आनंदराव. म्हातारा खोटं बोलून राहिला. म्हणते दादानं तारीख चुकवली.’

‘ते नाही विचारलं मी. इकडून कोण बोलत होतं?’

बंटीनं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला.

‘त्यांनी अश्विनभाऊ म्हटलं, मी ऐकलं. अन् तू हो म्हटलं.’

‘मी हो नाही म्हटलं.’

‘नाही बी नाही म्हटलं.’

बंटी खुर्ची ढकलून उठला. ‘मग काय सांगू वहिनी? किती जणायले सांगू? इथं गल्लीत सांगितलं, दवाखान्यात सांगितलं, पोलिसाले सांगितलं, गाडीच्या विम्यावाल्याले सांगितलं. तिकडं तरी राहू दे ना त्याले. कोणाचं काय बिघडते?’

‘त्या माणसाची फळं गळून राहिली, हे बिघडते.’

मयुरा माझ्यासमोर बसली. अश्विन गेल्यापासून ती लॅपटॉपसमोर पहिल्यांदाच बसत होती. तिनं वरून खाली पाहिलं. मग माझ्या डोक्यावर टिचकी मारली आणि आम्हा सगळ्या तारखांना क्रमानं लावलं. जुनी वर, नवी खाली. दुकानात बिलं अशीच लावतात. मग ती सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत गेली आणि तिथं थांबली.

‘बंटी, इकडं ये.’

‘काय आहे?’

‘वाच.’

बंटीनं वाचलं. एक जून. एक जुलै. दोन ऑगस्ट. दोन सप्टेंबर. त्याखाली दोन ऑक्टोबर. सगळ्यात खाली एक डिसेंबर.

‘एक जूनले अश्विन कुठं होता?’ मयुरानं विचारलं.

बंटी पुन्हा वरून खाली वाचू लागला.

मला हे सांगताना जड जातं, पण खरं ते खरं. अश्विन गेल्यानंतरही माझ्यात तो हिंडत होता. माझ्या हिशेबानं तो जूनमध्ये आनंदरावांच्या धुऱ्यावर उभा होता, जुलैत दुसऱ्याच्या बागेत होता आणि डिसेंबरमध्येही कुठं तरी पाणी सुटलेलं बघणार होता. बंटीला हे आधी दिसलंच नव्हतं असं मला वाटत नाही. रोज तो मला उघडत होता. एक जून वाचायला शाळा लागत नाही. पण माणूस कधी कधी समोरचं वाचतो आणि आत घेत नाही.

‘म्हणजे दादानं चुकीचं लिहिलं?’ तो शेवटी म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता.

‘त्यानं बरोबर लिहिलं. ह्यानं उलटं वाचलं,’ मयुरानं लॅपटॉपकडे बोट दाखवलं. ‘आमच्या दुकानात बाहेरच्या पार्टीची फाइल आली की असंच होते. सहा-एक म्हणजे सहा जानेवारी की एक जून, त्याले कसं समजणार? आपण सांगितलं पाहिजे ना त्याले.’

‘मग दुरुस्त कर ना. आता कर.’ बंटीनं स्वतःच हात पुढे केला. त्याला कोणी तरी सांगितलं होतं की रकान्यावर टिचकी मारून तारखेची तऱ्हा बदलता येते. त्यानं ती बदलली. माझ्यातले आकडे झटकन दिवस-आधी असे दिसू लागले.

‘झालं!’

‘काही नाही झालं,’ मयुरा म्हणाली. ‘नुसते कपडे बदलले तू त्याचे. आत अजून एक जूनच आहे. पाह्य, शेजारचे दिवस बदलले का?’

बदलले नव्हते. बंटीनं मुठी आवळल्या. मला वाटलं आता पुन्हा चापट पडणार. पण त्यानं खुर्ची मागं घेतली आणि मयुराला जागा दिली.

तिनं मला दुरुस्त केलं नाही. ते बरं केलं. अर्धा खरा आणि अर्धा उलटा रकाना टाके घालून सरळ होत नाही. तिनं मोबाइलच्या अ‍ॅपमधून फाइल पुन्हा काढली. अश्विनच्या अंगठ्यानं टाकलेलं तिथं जसंच्या तसं होतं. ह्या वेळी फाइलवर टिचक्या मारल्या नाहीत. आधी कोरं पान उघडलं आणि तिथून फाइल आत मागवली. तसं केलं की लॅपटॉप विचारतो, हा रकाना काय आहे? तिनं माझ्यावर बोट ठेवलं आणि सांगितलं, तारीख. मग तो विचारतो, कोणत्या क्रमानं? तिनं निवडलं, दिवस, महिना, वर्ष.

‘एवढंच?’ बंटी म्हणाला.

‘एवढंच. पण आधी.’

मी पुन्हा पडद्यावर आलो. ह्या वेळी सगळे उजवीकडे, आणि सगळे खरे. मयुरानं पुन्हा क्रम लावला. सगळ्या तारखा जानेवारी आणि फेब्रुवारीच्या निघाल्या. जून नाही, ऑक्टोबर नाही, डिसेंबर नाही. बंटी पडद्याजवळ वाकला आणि खालच्या रिकाम्या ओळींकडे बघत राहिला. मयुरानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो रडला. बराच वेळ रडला. मयुराही रडली, पण तिनं लॅपटॉप बंद करून बाजूला ठेवला, पाणी पडू नये म्हणून.

सकाळी बंटी निघाला. मोटारसायकल राहिलेली नव्हती आणि त्या रस्त्यावर गाडी चालवायची त्याची तयारीही नव्हती. एसटीनं गेला. मी मांडीवरच्या पिशवीत. काटोलच्या स्टँडवर उतरला, तिथून ऑटोनं बागेपर्यंत. पिशवीत असलो तरी मला त्याच्या पायाखाली फळं चिरडल्याचा आवाज आला. हिरवी, कच्ची, लिंबाहून थोडी मोठी फळं. जिथं तिथं.

‘कोण पाहिजे गा?’ आनंदरावांचा आवाज.

‘मी अश्विनचा भाऊ. बंटी.’

‘अन् अश्विन? त्याले तोंड दाखवाची लाज वाटते का काय?’

बंटीनं सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं. एकोणतीस मे, काटोल रोड.

 मग आनंदराव म्हणाले, ‘मंग काल फोनवर कोण होता?’

‘मी होतो.’

‘अन् मेसेज?’

‘मीच पाठवले. दादाच्या नावानं.’

‘हरामखोर पोट्ट्या!’ आनंदराव कडाडले. ‘मेलेल्या माणसाच्या नावानं मले फवारणी थांबवाले लावली? काल मी त्याले काय काय बोललो! रातभर मनात म्हणत होतो, अश्विन बिघडला, पैशाच्या मागं लागला, बागेकडं पाहत नाही. सोन्यासारखा पोरगा, अन् म्या त्याले...’ 

‘दादाची चूक नव्हती काका,’ बंटी म्हणाला. ‘तेवढं सांगाले आलो. त्यानं सहा जानेवारीच लिहिलं होतं. संक्रांतीच्या आधी, तुम्ही म्हणता तसंच. मी फाइल उलटी उघडली. तुम्ही मले मारा, काही करा, पण त्याले विसराळू म्हणू नका.’

‘पोट्ट्याले आधी पाणी द्या,’ आतून बाईचा आवाज आला. त्या आनंदरावांच्या बायको, पंचफुलाबाई. ‘उन्हातून आला, अन् तुम्ही त्याले उभ्यानं हाणून राहिले.’

पाण्याचा गडवा वाजला. बंटी घटाघटा प्यायला.

‘तूच का तो?’ आनंदराव थोड्या वेळानं म्हणाले. ‘ज्यानं गाडी धुता धुता सायलेन्सरमध्ये पाणी भरलं? अन् अश्विन मंग आमच्याकडं एसटीनं आला होता?’

‘दादानं सांगितलं तुम्हाले?’

‘हाव. हासत हासत सांगितलं. तुह्याच गोष्टी सांगे तो. आमचा बंटी असा, आमचा बंटी तसा. म्या म्हटलं, इतका येडा हाय तं घरात काहून ठेवला? तं म्हणे, काका, त्याच्याशिवाय घर सुनं वाटते.’

बंटीनं गडवा खाली ठेवला. 

मग कामाचं बोलणं झालं. बंटीनं मला उघडलं. शेजारचा मेसेज आता बरोबर होता : ‘फळगळीची फवारणी घ्या. उशीर नको.’ कवडूचा पंप आणला. कवडूनं पंप देता देता टोमणा मारलाच, ‘काय आनंदराव, आता कोण हासते?’ दोघांनी आणि बंटीनं मिळून बाग फवारली. दुपार टळली. जे गळलं ते गळलं होतं. पण झाडावर अजून बरंच होतं, आणि ते वाचवायचं होतं.

निघताना बंटीनं विचारलं, ‘पुढचे मेसेज पाठवू का काका? की नको?’

त्याच्यासाठी सगळं ह्या एका उत्तरावर होतं. आनंदरावांनी नाही म्हटलं असतं, तर काटोलकडे अश्विनचं नाव संपलं असतं.

‘पाठव,’ आनंदराव म्हणाले. ‘पण अश्विनचं नाव नको लावू. तुहं लाव. चुकलं तं शिव्या कोणाले द्याच्या, ते तं समजलं पाहिजे. त्याले काहून द्याच्या? अन् दर महिन्याले येऊन पाह्यत जा. मेसेज वाचून फळ टिकत नाही.’

एसटीत बसल्यावर बंटीनं मोबाइल काढला. ज्यांच्या तारखा उलटल्या होत्या त्यांना एकेकाला फोन लावला. नागपूर येईपर्यंत लावत होता. ‘मी बंटी. अश्विनचा भाऊ. दादा गेला. आधीचा मेसेज चुकीचा होता, तो माझ्यामुळं.’ पहिल्या फोनला त्याला वाक्य पुरं करता आलं नाही. नंतर नंतर जमलं. काहींनी शिव्या दिल्या. एका बाईनं फोनवरच हंबरडा फोडला. एकानं म्हटलं, आम्हाले नको आता तुमचं काही. त्याचं नाव बंटीनं तसंच राहू दिलं, पण मेसेज बंद केला.

आनंदरावांची फळगळ थांबली. अर्ध्याहून जास्त फळ टिकलं आणि दिवाळीनंतर तोडणी झाली. त्यांनी प्रताप नगरला एक पेटी पाठवली. वर चिठ्ठी, ‘हे तुह्या चुकीतून वाचलेले.’

आता माझा हंगाम संपला आहे. यंदाच्या ताणासाठी बंटीनं नवं पान केलं, त्यात नवा रकाना आहे. त्यात तो महिना आकड्यात लिहीत नाही, अक्षरांत लिहितो, म्हणजे कोणत्याही लॅपटॉपनं उलटा वाचायला जागा नको. नवा रकाना त्याचा आहे. मी अश्विनचा. मला त्यानं कुलूप लावून ठेवलंय, म्हणजे उघडता येतो, पण बदलता येत नाही.

तुमच्याकडेही माझ्यासारखे रकाने येतील. शाळेच्या हजेरीचे, दवाखान्याच्या नोंदीचे, दुकानाच्या मालाचे. टिचकी मारायच्या आधी एकदा विचारा, लिहिणाऱ्यानं दिवस आधी लिहिला होता की महिना. डावीकडे सरकलेल्या तारखांवर चिडू नका, त्या निदान काही तरी बिनसलंय हे सांगतात. आणि फक्त उजवीकडे नीट बसल्यात म्हणून बाकीच्यांवर भरोसा ठेवू नका. लिहिणारा माणूस असेल तोवर त्याला विचारून घ्या.

बंटी अजून कधी कधी मला उघडतो. काही करत नाही. खालपर्यंत येतो आणि थांबतो. माझ्यातली शेवटची तारीख दहा फेब्रुवारी आहे. तिच्या खाली काही नाही, आणि ते तसंच बरोबर आहे.